लस घ्यायची का, आणि सक्ती झाली तर काय करायचं: अठरा-विशीतल्यांसाठी हिशोब

एक गोष्ट आधीच वेगळी करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. "ही लस माझ्यासाठी बरी आहे का" हा एक प्रश्न आणि "ती घ्यायला मला कुणी भाग पाडावं का" हा पूर्ण दुसरा प्रश्न. २०२१ मध्ये फॅमिली ग्रुपवर जी भांडणं झाली त्यातली बरीचशी मला वाटतं या दोन प्रश्नांची खिचडी केल्यामुळेच झाली, म्हणजे काका म्हणणार सक्ती चुकीची आहे की लगेच आत्या म्हणणार अरे तू लसविरोधी झालास का, आणि काकांनी बिचाऱ्यांनी दोन्ही डोस कधीच घेतलेले असायचे. पहिल्या प्रश्नाला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर असू शकतं. उलटंही असू शकतं.

मी कॉलेजात स्टॅट शिकवतो, डॉक्टर नाही. कुठलं औषध घ्या हे सांगणं माझं काम नाही पण आकडे कसे वाचायचे ते सांगू शकतो. सगळी उदाहरणं कोविडची घेतोय कारण आता ते वातावरण निवळलंय, डोकं थंड असताना हा हिशोब शिकून ठेवलेला बरा, पुढची साथ येईल तेव्हा कुणाला ऐकून घ्यायचं नसतं.

पहिलं काम: लसीचं नाव काय ते विचारा

ऐकायला येडपट वाटेल पण बहुतेक जण इथेच घसरतात. २०२१ च्या जूनपासून "लसीमुळे तरुण मुलांच्या हृदयाला सूज येते" असे फॉरवर्ड सुरू झाले. मुळातली बातमी खरी होती, मायोकार्डायटिस (म्हणजे हीच हृदयाच्या स्नायूची सूज) हा दुष्परिणाम खराच होता, पण ती बातमी फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए लसींची होती. आपल्याकडे १५ ते १८ च्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन दिली, १२ ते १४ च्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून कोर्बेव्हॅक्स, आणि अठराच्या वरच्यांना बहुतेक ठिकाणी पुण्यात बनलेली कोविशील्ड. तिन्हीचं तंत्र वेगळं आणि फायझरशी एकाचंही जुळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने मला अमेरिकेतल्या बातमीचा स्क्रीनशॉट पाठवला होता, खाली मराठीत लिहिलेलं "आपल्या मुलांना वाचवा", आणि त्याला स्वतःला मिळणार होती कोव्हॅक्सिन. त्याला एवढंच विचारलं की बाबा या फोटोत लसीचं नाव कुठंय. त्या फोटोत नाव होतं, इंग्रजीत, दुसऱ्याच ओळीत.

पण याचा अर्थ "आपली लस म्हणजे एकदम सेफ" असाही काढू नका. कोविशील्डला तिचा स्वतःचा दुर्मिळ धोका होता, रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होणं, आणि तो धोका वयस्कर माणसांपेक्षा तरुणांमध्ये जास्त दिसला, म्हणून ब्रिटनने ७ एप्रिल २०२१ ला तिशीच्या आतल्यांना आणि मग ७ मे ला चाळिशीच्या आतल्यांना शक्य असेल तर दुसरी लस द्या असं सांगितलं. तेव्हा नाव, वय, आणि मग पुढचं.

आकडा कुणाचा आणि किती जणांमागे

"लस घेतल्यावर १६०० तरुणांच्या हृदयाला सूज" असं वाचलं की पोटात गोळा येतो. किती जणांपैकी १६००? हे नसेल तर तो आकडा काहीच सांगत नाही. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये जो मोठा अभ्यास छापून आला त्यात आकडे व्यवस्थित फोडून दिलेले होते, फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाख डोसांमागे १६-१७ वर्षांच्या मुलग्यांमध्ये साधारण १०६ केसेस, १२ ते १५ च्या मुलग्यांमध्ये ७१ च्या आसपास, १८ ते २४ मध्ये ५२. आणि १६-१७ च्याच मुलींमध्ये? ११. म्हणजे एकाच वर्गातल्या मुलाला आणि मुलीला एकच "रिस्क" सांगितली तर दोघांनाही चुकीचं सांगितलं. मुलासाठी ती साधारण साडेनऊ हजारात एक होती आणि मुलीसाठी लाखात एक.

त्या केसेसमधल्या बहुतेक सगळ्या, म्हणजे ९६ टक्के, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्या होत्या आणि घरी सोडेपर्यंत ८७ टक्क्यांची लक्षणं गेलेली होती. आता यातलं पहिलं वाक्य उचललं की भीती, दुसरं उचललं की "काही होत नाही हो". दोन्ही वाक्यं एकाच अभ्यासातली आहेत, दोन्ही एकत्र वाचायची. आणि १३ टक्के उरतात ना, तेही लक्षात ठेवायचं.

"ट्रायलमध्ये काहीच साइड इफेक्ट दिसला नाही" हे वाक्य ऐकलं की एक छोटं सूत्र वापरा. ट्रायलमध्ये जितकी मुलं होती त्या आकड्याला ३ ने भागा. मुलांच्या कोव्हॅक्सिनची ट्रायल झाली ती ५२५ मुलांवर. ५२५ भागिले ३ म्हणजे १७५. म्हणजे त्या ५२५ मध्ये एखादा गंभीर त्रास एकालाही झाला नाही तरी आपण खात्रीने एवढंच म्हणू शकतो की तो त्रास १७५ मध्ये एकापेक्षा जास्त वेळा होत नसावा. दहा हजारात एक असणारी गोष्ट तिथे दिसणारच नाही, दिसली असती तर नशीबच म्हणायचं. यात कंपनीने लपवलं वगैरे काही नाही, हे साधं गणित आहे. फायझरच्या १२ ते १५ च्या ट्रायलमध्ये लस मिळालेली मुलं ११०० च्या वर होती, तिथेही हृदयाची सूज दिसली नव्हती, ती दिसली लाखो डोस दिल्यावर. म्हणून दुर्मिळ दुष्परिणाम नेहमी नंतरच कळतात, आणि ज्या देशात नंतरची नोंद नीट ठेवतात त्या देशाचे आकडे वाचायचे. आपल्याकडच्या नोंदींबद्दल फार चांगलं बोलता येत नाही, पुढे कोर्टाचं येईल तेव्हा सांगतो.

दुसरं पारडं: आजाराचा धोका, पण कुठला दिवस धरून?

मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि तो टीव्हीवर कुणी धड सांगितला नाही. लसीचा धोका डोस घेतला की साधारण ठरलेला असतो. आजाराचा धोका मात्र तुमच्या आजूबाजूला साथ किती आहे त्यावर रोज बदलतो. त्यामुळे "लस चांगली की वाईट" याचं उत्तर एकाच माणसासाठी मार्चमध्ये एक आणि मेमध्ये दुसरं असू शकतं.

केंब्रिजच्या विंटन सेंटरने ॲस्ट्राझेनेकासाठी, म्हणजे जी आपल्याकडे कोविशील्ड, एक तक्ता केला होता, ब्रिटनच्या ७ एप्रिल २०२१ च्या पत्रकार परिषदेत तोच दाखवला. १६ आठवड्यांत एक लाख लोकांमागे लसीमुळे किती जणांचं आयसीयूत जाणं वाचेल आणि लसीच्या गुठळ्यांचा गंभीर त्रास किती जणांना होईल, एवढंच त्यात होतं. विशीतल्यांसाठी त्रास १.१. साथ अगदी कमी असेल तर वाचणारे ०.८, म्हणजे लस किंचित तोट्यात. साथ मध्यम असेल तर वाचणारे २.२, फायद्यात. साथ जोरात असेल तर ६.९, भरपूर फायद्यात. आणि साठीतल्यांना कमी साथीतसुद्धा १४.१ विरुद्ध ०.२. मी हा तक्ता दरवर्षी वर्गात फळ्यावर काढतो. तीच बाटली, तीच सुई, फक्त रांग आणि रकाना बदलला की उत्तर उलटं होतं.

ऑस्ट्रेलियाने तर हे प्रत्यक्ष करून दाखवलं. १७ जून २०२१ ला तिथल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की साठच्या आतल्यांना ॲस्ट्राझेनेकापेक्षा फायझर बरी, कारण तेव्हा तिथे साथ जवळपास नव्हतीच. मग सिडनीत विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार पसरला आणि २४ जुलैला त्याच समितीने सिडनीतल्या सगळ्या प्रौढांना सांगितलं की जी लस मिळेल ती घ्यायचा गांभीर्याने विचार करा, ॲस्ट्राझेनेकासुद्धा. लोक म्हणाले यांचं काही खरं नाही, रोज बदलतात. अहो पण बदलायलाच पाहिजे होतं!

आता हेच आपल्याकडे लावून बघा. एप्रिल-मे २०२१ मध्ये पुण्यात नाशिकमध्ये बेडसाठी लोक रात्र रात्र फिरत होते, तेव्हा पंचविशीतल्या पोराला कोविशील्ड मिळत असेल तर हिशोब एका बाजूने स्पष्ट होता. जानेवारी २०२२ ची गोष्ट वेगळी. २०२१ च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने जो चौथा सिरो सर्व्हे केला त्यात १० ते १७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात आधीच अँटिबॉडीज होत्या, लस नसताना, म्हणजे ती मुलं कधीतरी आजारी पडून, बऱ्याचदा घरच्यांना न कळता, बरी झाली होती. अशा मुलाला लसीचा फायदा शून्य नसतो पण कमी असतो, हे मान्य करायला काही हरकत नव्हती आणि कुणी मान्य केलं नाही. दमा, डायबिटीस, जन्मतः हृदयाचा त्रास, खूप जास्त वजन, यातलं काही असेल तर मात्र पारडं परत लसीकडे झुकतं, तिथे आपल्या डॉक्टरांना विचारायचं, माझ्यासारख्याला नाही.

हो आणि नाही यांच्या मधले पर्याय शोधा

घेतो किंवा नाही घेत, एवढंच नसतं. ज्या देशांनी आकडे नीट पाहिले त्यांनी मधला रस्ता काढला. ब्रिटनच्या लस समितीने ३ सप्टेंबर २०२१ ला सांगितलं की निरोगी १२ ते १५ च्या मुलांना फक्त त्यांच्या तब्येतीपुरता फायदा फारच थोडा आहे, सरसकट शिफारस करत नाही, मग दहा दिवसांनी ब्रिटनच्या चारही भागांचे मुख्य वैद्यकीय अधिकारी शाळा बुडण्याचाही विचार करून एक डोस द्या म्हणाले. हाँगकाँगने १२ ते १७ साठी एकच डोस केला. कॅनडाने दोन डोसांत आठ आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगितलं कारण अंतर वाढलं की हृदयाच्या सुजेचं प्रमाण कमी दिसत होतं. स्वीडनने ऑक्टोबर २०२१ मध्ये १९९१ आणि नंतर जन्मलेल्यांना मॉडर्ना देणं थांबवलं आणि फायझर चालू ठेवली. सिंगापूरने डोसनंतर आधी एक आठवडा आणि मग दोन आठवडे जोराचा व्यायाम टाळा असं सांगितलं, जे फुकटात होतं.

म्हणून विचारायचे प्रश्न असे: दुसरी कंपनी मिळेल का, डोस किती, अंतर किती ठेवता येईल, नुकताच आजार होऊन गेला असेल तर थांबू का, डोसनंतर जिम कधीपासून.

जिममधले आणि गरब्यातले मृत्यू

हा विषय टाळता येत नाही, कारण आजही कुठे एखादा तरुण खेळताना कोसळला की खाली पहिली कमेंट "लसीचा परिणाम" अशीच असते. यावर आपल्याकडे अभ्यास झालाय. आयसीएमआरने ४७ मोठ्या रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, अचानक दगावलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि त्याच भागातल्या त्याच वयाच्या २९१६ जिवंत लोकांशी तुलना केली. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांमध्ये उलट कमी होता. वाढलेला दिसला तो कशामुळे, तर कोविडने हॉस्पिटलात राहून आलेले, घरात आधी कुणाचा असा अचानक मृत्यू झालेला, आदल्या ४८ तासांत भरपूर दारू, नशा, किंवा अंग मोडून केलेला व्यायाम. इथे पद्धत बघा कशी आहे: मेलेल्यांपैकी किती जणांनी लस घेतली होती एवढंच मोजलं तर जवळजवळ सगळेच सापडणार, कारण घेतलीच होती सगळ्यांनी. म्हणून जिवंत लोकांशी तुलना. हे एवढं समजलं तरी निम्मे फॉरवर्ड गळून पडतात.

आता सक्तीचा प्रश्न

स्वतःपुरता हिशोब झाला. सक्तीचा हिशोब वेगळा कारण तिथे तुमच्या तब्येतीपेक्षा दुसऱ्यांना होणाऱ्या धोक्यावर भर असतो, निदान असायला पाहिजे. मी तीन गोष्टी बघतो.

लस दुसऱ्यापर्यंत जाणारा संसर्ग खरंच अडवते का? सुरुवातीला बऱ्यापैकी अडवत होती, डेल्टाला कमी, आणि नोव्हेंबर २०२१ अखेरीस ओमिक्रॉन आला तेव्हापासून फारच कमी आणि थोडेच दिवस. गंभीर आजारापासूनचं संरक्षण बरंच टिकलं, पण ते तुमचं स्वतःचं संरक्षण. "आजीसाठी घे रे" हे २०२१ च्या मे महिन्यात जितकं पटणारं होतं तितकं २०२२ च्या फेब्रुवारीत राहिलं नव्हतं. नियम मात्र तसेच.

दुसरं, नियम पाळणं शक्य होतं का? इथे मुंबई लोकलचं उदाहरण मला कायम आठवतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, सर्टिफिकेट आणि ओळखपत्र घेऊन स्टेशनवरच्या पालिकेच्या टेबलापाशी जायचं, शिक्का घ्यायचा आणि मग खिडकीवर मासिक पास. आता मागे मोजा. १५ ऑगस्टला १४ दिवस पूर्ण म्हणजे दुसरा डोस १ ऑगस्टपर्यंत. कोविशील्डचं अंतर मे महिन्यात ८४ दिवस केलेलं, म्हणजे पहिला डोस ९ मेपर्यंत. आणि १८ ते ४४ वयाला लस खुलीच झाली १ मेला, त्यातही साठा नाही म्हणून राज्याने मेच्या मध्यावर या वयोगटाचं लसीकरण थांबवलं, केंद्राकडून फुकट लस सुरू झाली २१ जूनला. म्हणजे कल्याण-विरारहून कामाला येणाऱ्या बाविशीच्या पोराला कोविशील्डवर पहिल्या दिवशी पास मिळवायचा तर त्या नऊ दिवसांतच स्लॉट मिळालेला हवा होता, जेव्हा कोविनवर स्लॉट काही सेकंदांत उडत होते. या पोराने लस नाकारली नव्हती हो, त्याला मिळाली नव्हती. शिक्षा मात्र नाकारणाऱ्याचीच. सक्तीचा नियम वाचला की अशा तारखा मागे मोजून बघायची सवय लावा, दोन मिनिटं लागतात.

तिसरं, नियमातून सूट मिळायची सोय आहे का आणि लसीने इजा झाली तर कोण बघणार? ब्रिटनमध्ये लसीमुळे गंभीर अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला तर १ लाख २० हजार पौंडांची सरकारी योजना आहे. त्या काळात आपल्याकडे कोविड लसीसाठी अशी योजना नव्हती. माझं मत म्हणाल तर भरपाईची सोय नसताना सक्ती करणं हे बसत नाही, मग लस कितीही चांगली असो.

कायद्याचं थोडक्यात. केंद्र सरकारने कोर्टात कायम सांगितलं की लस ऐच्छिक आहे, राज्यांनी आणि संस्थांनी मात्र अटी घातल्या. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकलच्या त्या आदेशांवर ताशेरे ओढले, कारण ते ठरलेली पद्धत सोडून काढले होते. मग २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती गवई यांचा. कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये स्वतःच्या शरीरावरचा हक्क येतो. त्याच वेळी सरकारचं लसधोरण अवास्तव नाही, मुलांना लस देण्याचा निर्णय जगातल्या तज्ज्ञांच्या मताशी जुळणारा आहे, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं पण ती प्रमाणात हवीत, तेव्हाच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरची बंधनं प्रमाणात नव्हती, असंही म्हटलं. दुष्परिणामांची नोंद लोकांना करता यावी आणि ती सगळ्यांना दिसावी अशी व्यवस्था करा असंही सांगितलं. हा निकाल दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा फॉरवर्ड केला गेला, पूर्ण वाचा.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी मात्र हा निकाल तिकडे दाखवून उपयोग नाही. अमेरिकेत २५ मार्च २०२१ ला रटगर्स युनिव्हर्सिटीने पहिल्यांदा लस बंधनकारक केली आणि मग शेकडो कॉलेजांनी. इंडियाना युनिव्हर्सिटीविरुद्ध विद्यार्थी कोर्टात गेले, ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला. आणि आपल्या मुलांची वेगळीच पंचाईत, कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला आणि सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू, त्यामुळे दोन डोस झालेल्यांना तिकडे जाऊन पुन्हा दुसऱ्या लसीचे डोस घ्या असं सांगितलं गेलं. त्यामुळे पुढे कधी अशी अट असेल तर ॲडमिशन नक्की झाली की आधी कॉलेजची मान्य लसींची यादी बघा, मग इथे लस घ्या.

कॉलेजने किंवा कंपनीने अट घातली तर

तोंडी वाद घालू नका, क्लार्कच्या हातात काही नसतं. लेखी विचारा: हा नियम कुठल्या आदेशावरून, त्याची तारीख आणि नंबर, आजार नुकताच होऊन गेला असेल तर मुदत मिळेल का, वैद्यकीय कारणासाठी कुठलं सर्टिफिकेट चालेल, ऑनलाइन किंवा टेस्ट दाखवून यायचा पर्याय आहे का. आधीच्या डोसनंतर त्रास झाला असेल तर केस पेपर, ईसीजी, ट्रोपोनिनचा (हृदयाला इजा झाली का ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, तारखांसकट जोडा. अठराच्या आतल्या मुलाचा अर्ज पालकांच्या सहीने.

आणि डोस घेतलाच तर सर्टिफिकेटवर लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख बरोबर आहे का तिथल्या तिथे बघा, नंतर दुरुस्त करायला फार चकरा होतात. एमआरएनए लसीनंतर पहिल्या आठवड्यात छातीत दुखणं, धाप, धडधड, किंवा कोविशील्डसारख्या लसीनंतर चौथ्या दिवसापासून पुढे महिनाभर न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, पोटात जोरात दुखणं, एका पायाला सूज, यातलं काही झालं तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक लस अमुक तारखेला घेतली. आणि मग केंद्रावर किंवा जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे त्याची नोंद करायला सांगा, नोंदीचा कागद मागून घ्या.